हातगुण, दुर्बिणीचं ऑपरेशन आणि व्हिडिओ गेम

"गेम खेळणारे सर्जन कमी चुका करतात" हा मेसेज परत फिरायला लागलाय, आणि लगेच दोन गट पडले, एक म्हणतोय बघा पोरांना उगाच ओरडता, दुसरा म्हणतोय थोतांड आहे. अभ्यास खराच आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. जेम्स रॉसर यांचा, २००७ चा. ३३ सर्जन, त्यातले पूर्वी आठवड्याला ३ तासांपेक्षा जास्त गेम खेळलेले जे होते त्यांच्या चुका ३७ टक्के कमी आणि वेग २७ टक्के जास्त. फक्त ही परीक्षा पेशंटवर नाही, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावाच्या कामांवर झाली होती.

पण असं का होत असेल? मला खरी गंमत इथे वाटते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटाला अर्धा-एक सेंटीमीटरची छिद्रं पाडतात आणि त्यातून सळईसारखी लांब अवजारं आत जातात. ते छिद्र म्हणजे शाळेतल्या तरफेचा टेकू. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, हात वर केला की टोक खाली. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्याला विचारा, तिथेही ट्रॉली डावीकडे न्यायला स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. इथे त्याहून वाईट म्हणजे प्रमाणही सारखं बदलतं: अवजार २० सेंमी आत आणि १० सेंमी बाहेर असेल तर हात १ सेंमी हलला की टोक २ सेंमी हलतं, तेच बाहेर ओढून १० सेंमी आत ठेवलं आणि २० बाहेर, तर फक्त अर्धा सेंमी. आत-बाहेर ढकलणं मात्र उलटं होत नाही, ते सरळच, म्हणजे मेंदूला एक दिशा सरळ आणि दोन उलट्या असा हिशोब ठेवायचा. त्यात चित्र सपाट स्क्रीनवर, खोली कळत नाही, कॅमेरा बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातात. लहान मेंदू प्रत्येक हालचालीआधी टोक कुठे जाईल याचा अंदाज बांधतो, स्क्रीनवर दिसतं त्याच्याशी ताडून बघतो, आणि जो फरक पडला तेवढी पुढची हालचाल सुधारतो. हात इथे, नजर तिथे, ही सवय गेमवाल्याला आधीपासून असते.

आता रॉसरांच्या आकड्यांवरून गेममुळेच हात सुधारला असं म्हणता येत नाही, मुळात चपळ हाताचे लोकच गेमकडे वळत असतील. म्हणून रोमचा २०१३ चा प्रयोग मला जास्त पटतो. ४२ शिकाऊ सर्जन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एका गटाला ४ आठवडे निन्टेन्डो वी या हात हलवून खेळायच्या गेमच्या मशीनवर खेळायला लावलं, आणि सिम्युलेटरवर, म्हणजे खोट्या ऑपरेशनचा सराव करायच्या यंत्रावर, तोच गट जास्त सुधारला. पण मोबाईलवर बोटाने कँडी फोडून हे होईल असं कुणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे "डॉक्टरांना हातगुण आहे" म्हणतात, जणू देवाने दिलेला. मला हे मनापासून खटकतं, कारण त्यामागे शेकडो तास असतात. १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतातलं दुर्बिणीने पित्ताशय काढायचं पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा ते कुठल्या हातगुणावर नाही, शिकूनच केलं. आजही शिकाऊ डॉक्टर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत मोबाईलचा कॅमेरा लावून, लांब चिमट्याने वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत बसतात.