सॉफ्टवेअरला गाणं कळत नाही, मग नाव कसं सापडतं?

गाण्यांच्या फायली लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत हल्ली एक दावा हमखास असतो: आमचं एआय तुमची गाणी ऐकतं आणि ओळखतं. 'ट्रॅक ०१', 'अननोन आर्टिस्ट' अशा नावांनी भरलेलं फोल्डर बघता बघता शहाण्यासारखं लागलं, की कुणाचाही त्यावर विश्वास बसेल. प्रत्यक्षात या कामात ऐकणं असं काही नसतं. असते ती बेरीज-वजाबाकी, आणि ती इतकी देखणी आहे की तिच्यावर एआयचं लेबल डकवून ती झाकून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याआधी टॅगबद्दल थोडं. फाइलचं नाव बदललं तरी प्लेअरवर जुनंच नाव का दिसतं, असा प्रश्न अनेकांना पडतो. प्लेअर फाइलचं नाव वाचत नाही, फाइलच्या आत लिहिलेला टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, कलाकार वगैरेंची नोंद वाचतो. एमपीथ्रीच्या मूळ रचनेत अशा नोंदीसाठी सोयच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेपटाला १२८ बाइट जोडण्याची शक्कल काढली. त्यात ३ बाइटांची खूण, मग शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. म्हणजे या टॅगात देवनागरी कोंबायचीच म्हटली, तर 'पावसाळ्यात' एवढ्या एका शब्दात ३० बाइट खलास!

१९९८ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला बसते, हवी तेवढी मोठी होते आणि अल्बमचं चित्रही पोटात ठेवते. तिच्या प्रत्येक मजकुराआधी एक बाइट असतो, पुढची अक्षरं कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे बाइटांत लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीत आहेत हे सांगणारा. हा बाइट चुकला की देवनागरीच्या जागी युरोपीय चिन्हांचा बुजबुजाट दिसतो. नीट पाहिलंत तर दर तिसरं चिन्ह तेच असतं, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए'. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच आहे. असा कचरा दिसला तर घाबरू नका, बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीचे वाचले जाताहेत. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मूळ मजकूर गेला.

आता मुख्य प्रश्न. टॅग कोराच असेल तर सॉफ्टवेअर नाव आणतं कुठून?

फाइलच्या बाइटांवरून एक आकडा काढून तो जगभरच्या यादीत शोधायचा, हा सरळ उपाय वाटतो. तो चालत नाही. तेच गाणं एकाने सेकंदाला १२८ किलोबिटने साठवलं, दुसऱ्याने ३२० ने, की आतले बाइट पूर्ण वेगळे. कानाला सारखं, बाइटांना परकं. म्हणून असा ठसा हवा, जो फाइलचा नसेल, आवाजाचा असेल. म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या माहितीच्या खुल्या कोशाच्या पिकार्ड या मोफत सॉफ्टवेअरमागे अकुस्टआयडी नावाची सेवा आहे. ती तुमच्या गाण्याचा ठसा आपल्या साठ्यातल्या ठशांशी जुळवून नाव शोधते, आणि तिचा ठसा काढणारा प्रोग्रॅम म्हणजे लुकाश लालिन्स्की यांचा क्रोमाप्रिंट. तो काय करतो ते पाहू.

आधी तो स्टिरिओ मोडून एकच प्रवाह करतो आणि सेकंदाला फक्त ११,०२५ नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची मापं ठेवतो. मग ४,०९६ नमुन्यांचा, म्हणजे साधारण ०.३७ सेकंदाचा तुकडा घेऊन त्यात कोणत्या कंपनसंख्येची किती ऊर्जा आहे ते फूरिए पद्धतीने मोजतो. तुकडे एकमेकांवर दोन-तृतीयांश चढलेले असतात, त्यामुळे सेकंदाला सुमारे आठ मोजण्या मिळतात. पुढची पायरी माझी लाडकी. २८ ते ३,५२० हर्ट्झमधली ही सगळी ऊर्जा तो फक्त १२ डब्यांत वाटतो. मंद्र, मध्य, तार असा भेद नाही. कोणत्याही सप्तकातला तोच स्वर त्याच डब्यात. कंपनसंख्या दुप्पट झाली की स्वर तोच राहतो, हे कोणत्याही गायकाला ठाऊक असलेलं सत्य इथे थेट कामाला लावलंय. बास वाढवला, ट्रेबल कमी केला, कॉम्प्रेशनने वरच्या कंपनसंख्या कापल्या, तरी १२ डब्यांतलं आपसातलं प्रमाण फारसं हलत नाही.

जाता जाता: हे डबे ४४० हर्ट्झचा स्वर प्रमाण धरून आखलेले असतात. गाणं ४३२ हर्ट्झवर आणलं की ते 'विश्वाच्या कंपनाशी जुळतं' आणि आजार बरे करतं, असा प्रचार जोरात चालतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. आपण सेकंद थोडा लांब ठरवला असता तर हाच स्वर ४५० झाला असता; विश्वाने मग काय करायचं होतं? अशा 'दुरुस्त' फायलींत स्वर अर्ध्या स्वराच्या जवळपास एक-तृतीयांशाने उतरतात, काही ऊर्जा शेजारच्या डब्यात सांडते आणि ठसा बिघडतो. आजाराचं सोडा, गाण्याचं नावही सापडेनासं होतं.

तर आपल्याकडे आता एक चित्र आहे: आडवा काळ, उभे १२ स्वर. यावरून एक खिडकी सरकवायची आणि प्रत्येक मुक्कामी १६ मापं घ्यायची. प्रत्येक मापात खिडकीतल्या काही भागांची ऊर्जा इतर भागांच्या ऊर्जेशी ताडून पाहायची, आणि उत्तर ०, १, २, ३ अशा चार पातळ्यांपैकी एकीत बसवायचं. ही मापं आणि पातळ्यांच्या सीमा मशीन लर्निंगने ठरवल्या होत्या, पण एकदाच; तुमच्या संगणकावर उरते ती फक्त आकडेमोड. चार पातळ्या म्हणजे २ बिट, १६ मापांचे ३२ बिट. यात एक छोटी खुबी आहे. नेहमीच्या द्विमान पद्धतीत १ म्हणजे ०१ आणि २ म्हणजे १०, म्हणजे पातळी एकाने सरकली तरी दोन्ही बिट उलटतात. क्रोमाप्रिंट ग्रे कोड वापरतो: ००, ०१, ११, १०. शेजारच्या पातळीत कायम एकच बिट बदलतो. म्हणजे आवाजात किंचित फरक, तर ठशातही किंचितच फरक.

दोन मिनिटांच्या आवाजातून असे साडेनऊशेच्या आसपास आकडे निघतात. सगळे मिळून चार किलोबाइटही नाहीत. जुळवणी म्हणजे दोन ठशांतले वेगळे बिट मोजणं. दोन असंबद्ध गाण्यांत ३२ पैकी सरासरी निम्मे बिट वेगळे निघतात, एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रतींत अगदी थोडे. ही दरी इतकी रुंद आहे की संशयाला सहसा वाव राहत नाही.

पण ठसा ओळखतो ते ध्वनिमुद्रण, अल्बम नव्हे. तेच मुद्रण मूळ अल्बमात असतं, पुढच्या दहा संकलनांतही असतं, आणि तुमची फाइल कुठली हे आवाजावरून कळणं शक्यच नाही. त्यामुळे एका अल्बमची गाणी पाच संकलनांत विखुरली गेल्याच्या तक्रारी होतात. त्याच गायकाने तीच चीज मैफिलीत पुन्हा गायली तर ठसा वेगळा. शिवाय 'कलाकार' या रकान्यात गायक लिहायचा की संगीतकार, हे कोणतंही गणित सांगणार नाही. तुम्ही एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे पाळा.

पिकार्डमध्ये 'लुकअप' आणि 'स्कॅन' अशी दोन बटणं आहेत. पहिलं असलेल्या टॅगवरून शोधतं, दुसरं ठसा काढतं. कोऱ्या टॅगवर पहिलं बटण दाबून सॉफ्टवेअरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आणि टॅग वारंवार बदलल्याने आवाजाचा दर्जा उतरतो, ही समजूतही सोडून द्या. टॅग आणि आवाज फाइलच्या वेगळ्या भागांत राहतात. खात्री करायची असेल तर टॅग लिहिण्याआधी आणि नंतर क्रोमाप्रिंटचा ठसा काढून पाहा: एकही बिट हललेला नसेल.