वर्गात इंटरनेट आणताना : मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी माहितीपत्रक

नाशिक जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांमध्ये वायरिंग, नेटवर्क आणि वर्गातले पडदे बसवण्याचे काम आमची छोटी फर्म करते. आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : टीव्ही किती इंची घ्यायचा? देणगीदार मिळालेला असतो, नाहीतर ग्रामपंचायतीने थोडी तरतूद केलेली असते आणि मार्च तोंडावर आलेला असतो. घाई समजण्यासारखी आहे. तरीही आमचे सांगणे असे, की टीव्ही सगळ्यात शेवटी ठरवा. आधी वीज, मग केबल, मग इंटरनेटची जोडणी आणि या सगळ्यांच्याही आधी वर्गात नेमके काय करायचे आहे ते. उलट्या क्रमाने गेलेल्या शाळांमधले पडदे आम्ही कपाटात खोक्यासकट पाहिले आहेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो. तंत्रज्ञानाची योजना त्याच आराखड्यात लिहा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. मोबाइलला रेंज गावात कुठे येते आणि दुपारी वीज किती वेळा जाते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

किती वेग लागतो?

द्राक्षबाग असलेल्या पालकांना हे दोन मिनिटांत समजते, म्हणून आम्ही ठिबकचेच उदाहरण देतो. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण सबमेन, म्हणजे ओळींकडे पाणी नेणारा पाइप, बारीक टाकली तर शेवटच्या ओळीतल्या वेलीला थेंबही पोहोचत नाही. उलट पाइप मोठा आणि विहीर कोरडी, तरीही तेच. इंटरनेटची जोडणी ही विहीर, शाळेतली केबल ही सबमेन आणि प्रत्येक टॅब किंवा टीव्ही हा एकेक ड्रीपर. तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

हिशोब असा मांडा. स्वच्छ दिसणाऱ्या एका व्हिडिओला साधारण ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हे इंटरनेटच्या वेगाचे माप) लागतात. सात खोल्यांच्या शाळेत एका वेळी चार वर्गांत व्हिडिओ चालला तर १२. युडायससारखी, म्हणजे सरकारकडे नोंदवायची शाळेची ऑनलाइन माहिती भरायला कार्यालयासाठी ५ धरा. पंधरा टॅब एकदम वापरले आणि प्रत्येकाला २ दिले तर ३०. बेरीज ४७, म्हणजे ५० एमबीपीएसची जोडणी पुरते. पण ती पूर्ण मिळाली पाहिजे. सकाळी अकराला गावातले सगळे कनेक्शन चालू असताना किती वेग मिळतो ते मोजा. रात्री दहाला काढलेली चाचणी शाळेच्या उपयोगाची नाही.

यात एक गोष्ट हमखास राहून जाते. टॅब आपणहून अपडेट उतरवतात. वीस टॅबनी प्रत्येकी १ जीबी उतरवायला घेतले तर ५० एमबीपीएसची जोडणी जवळपास ५३ मिनिटे भरून जाते आणि त्या तासाला व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. दोष जोडणीचा नसतो. अपडेट शाळा सुटल्यावर होतील अशी सोय सुरुवातीलाच करून घ्या.

आणखी एक. जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हेत. तो आकडा बिटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला साडेबारा मेगाबाइट.

जोडणी कुठून घ्यायची?

नाशिक शहर, निफाड, सिन्नरच्या मोठ्या गावांत फायबर सहज मिळते. तिथे दुसरा विचार करू नका. खेड्यात आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणलेले असते आणि शाळा बहुधा तिथून हाकेच्या अंतरावर असते. ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. माध्यमिक वर्ग असतील तर शाळेने याचा पाठपुरावा जरूर करावा. मात्र ग्रामपंचायतीतला इंटरनेटचा डबा आज चालू आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. दिवा लागलेला असणे आणि इंटरनेट मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ पाड्यांवर फायबर नसेल, तर सिमकार्डवर चालणारा राउटर आणि छपरावर बाहेरचा अँटेना, हा पर्याय उरतो. रेंज व्हरांड्याच्या एकाच कोपऱ्यात येते अशी तक्रार असते, तिथे चांगल्या अँटेनाने बराच फरक पडतो. तिसरा मार्ग रेडिओ लिंकचा : एका टेकडीवरून दुसरीकडे बिनतारी जोडणी. तिच्यासाठी दोन्ही टोके एकमेकांना उघडी दिसावी लागतात. इथे सागाने आम्हाला धडा शिकवला आहे. एप्रिलमध्ये सागाची पाने गळलेली असतात, समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो, चाचणी उत्तम येते. जुलैत तीच झाडे भरगच्च होतात, पाने ओली असतात आणि जोडणी कोलमडते. म्हणून उन्हाळ्यात पाहणी केली तरी खांबाची उंची पावसाळ्यातले झाड डोळ्यांसमोर ठेवून ठरवतो.

जोडणी कोणतीही असो, पाठ तिच्या भरवशावर सोडू नका. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधला मजकूर आधी उतरवून ठेवता येतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आदल्या दिवशी स्कॅन करून व्हिडिओ साठवलेला असेल, तर तासाला इंटरनेट गेले तरी वर्ग थांबत नाही. दुर्गम शाळांसाठी आम्ही शाळेतच एक छोटा संगणक सर्व्हर म्हणून ठेवतो. मुलांचे टॅब त्याला वायफायने जोडतात आणि इंटरनेट आठवड्यातून एकदाच, नवा मजकूर भरायला लागते. आमच्या मते पाड्यावरच्या शाळेला महागड्या जोडणीपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

केबल आणि वायफाय

एक राउटर कार्यालयात ठेवला की सगळ्या शाळेला वायफाय मिळेल, असे होत नाही. जुन्या शाळांच्या दगडी भिंती जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. २.४ चा लांब जातो, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. म्हणून कार्यालयापासून वर्गांपर्यंत केबल न्यायची आणि साधारण दोन खोल्यांमागे एक वायफाय यंत्र छताजवळ लावायचे. टीव्ही एका जागी राहणार असेल तर त्याला केबलच द्या. वायफाय फक्त हलणाऱ्या वस्तूंसाठी.

केबल कॅट ६ या दर्जाची, शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात स्वस्त मिळते. दिसायला सारखीच असते, पण लांब अंतरावर आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तेव्हा ती दगा देते. सुरीने तार खरवडून पाहा, आत पांढरट दिसली तर परत करा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर.

दोन इमारतींमध्ये तर अंतर कितीही कमी असो, फायबरच टाका. काही वर्षांपूर्वी इगतपुरी भागातल्या एका शाळेत आम्ही दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून ओढली होती. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि दोन्ही टोकांचे नेटवर्क स्विच (केबल जोडणारी यंत्रे) व एक संगणक जळाला. चूक आमची होती, भरपाईही आम्ही केली. फायबरमधून वीज वाहत नाही, एवढे एक कारण पुरेसे आहे.

वीज

घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज जाते, नांदगाव-येवल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडते. शाळेची अर्थिंग तपासल्याशिवाय आम्ही एकही यंत्र लावत नाही. कित्येक शाळांत अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गाडला गेलेला असतो, नाहीतर वर्षानुवर्षे त्यात पाणी घातलेले नसते. खर्च थोडा आहे, पण तो दिसत नाही म्हणून कुणी करत नाही.

बॅकअपचा हिशोब सोपा आहे. दोन वर्गांचे टीव्ही, एक छोटा संगणक, राउटर आणि वायफाय यंत्रे मिळून साधारण ३३० वॉट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. ती अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर मरते. इन्व्हर्टरमधली घट वजा केली तर हाताशी ७५० च्या आसपास उरतात, म्हणजे सव्वादोन तास. पंखे याच लाइनवर टाकले तर हा हिशोब मोडतो, म्हणून वायरिंग वेगळे ठेवा. बजेट फारच कमी असेल तर निदान राउटरला छोटा यूपीएस द्या.

विजेचे बिल आराखड्यात लिहा. १२० वॉटचे चार टीव्ही रोज चार तास, महिन्याला २२ दिवस चालले तर सुमारे ४२ युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण ती कोण भरणार हे ठरलेले नसेल तर थकबाकीत जोडणी तुटते आणि सगळेच बंद पडते.

पडदा

आता टीव्ही. शेवटच्या ओळीतल्या मुलाचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावे. ५५ इंची टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंटीमीटर, म्हणजे चार मीटरपर्यंत अक्षरे वाचता येतात. वीस फूट लांब वर्गात मागच्या मुलांना तो अपुरा पडतो, तिथे ७५ इंचीचा विचार करा किंवा मुलांना जवळ बसवा. खिडक्यांना झडपा नसतील तर प्रोजेक्टर घेऊ नका. पत्र्याचे छप्पर असेल तर वेगळा स्पीकर लागतोच. श्रावणातल्या सरीत टीव्हीचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही जात नाही.

सांभाळणार कोण?

या पत्रकातला हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. ज्या गुरुजींनी किंवा बाईंनी हौसेने सगळे उभे केले, त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर इंटरनेटचे खाते असते, पासवर्ड त्यांच्याच डोक्यात असतो. ते गेले की ओटीपी त्यांच्या नव्या गावी जातो आणि इथली शाळा अडकते. खाते शाळेच्या ईमेलवर घ्या. एक जाड वही करा : नकाशा, कोणती केबल कुठे जाते, पासवर्ड, पावत्या, वॉरंटीच्या तारखा. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील आणि पदभारासोबत हातात दिली जाईल. देणगीतून आलेली वस्तूसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवा, नाहीतर तिच्या दुरुस्तीवर खर्च टाकता येत नाही.

प्रत्येक शाळेत निदान दोघांना आम्ही शिकवतो. पहिले शिकवणे बसवताना, दुसरे महिन्याभराने. खरे प्रश्न वापर सुरू झाल्यावरच सुचतात.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी राउटरवरच नको त्या साइट बंद करतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. त्यामुळे खासगी ॲपवर मुलांची नावे, फोटो टाकण्याआधी पालकसभेत विचारा.

आमच्याकडून काय मिळते आणि आम्हाला काय हवे

आम्ही शाळेत येऊन पाहणी करतो आणि लेखी आराखडा देतो : नकाशा, वस्तूंचे तांत्रिक तपशील, विजेचा भार आणि पहिल्या दिवसाच्या खर्चासोबत पाच वर्षांचा खर्च. त्यात इंटरनेटचे वार्षिक बिल, बॅटरी बदलणे आणि देखभाल करार धरलेले असतात. सरकारी निधीतून जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी करायची असेल, तर हेच तपशील तिथे उपयोगी पडतात. आराखडा घेऊन काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी आमची हरकत नाही.

बोलावण्याआधी चार गोष्टी काढून ठेवा : मागच्या तीन महिन्यांची वीजबिले, खोल्यांची संख्या आणि लांबी-रुंदी, सध्या पडून असलेल्या वस्तूंची यादी आणि शिक्षकांनी मिळून लिहिलेले एक पान, की वर्गात याने नेमके काय करायचे आहे. बसवण्याचे काम मेच्या सुट्टीत करतो, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना सगळे चालू असते. पाहणीसाठी मात्र शाळा भरलेली असतानाचाच दिवस ठरवा. चाळीस मुले बसलेल्या वर्गात वायफायचा सिग्नल रिकाम्या वर्गापेक्षा कमी येतो आणि आम्हाला तोच मोजायचा असतो.