नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची, आणि भावकी जमाव घेऊन रानात आली तर

"वहिनी, तुमचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त इथं सही करा." आपल्या सांगली-साताऱ्यात नवऱ्याचे दिवस उरकायच्या आत विधवेपुढे असा कागद येतो. तो बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो. त्यावर सही करू नका. एकदा ते नोंदवलं गेलं की हक्क परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लागू होतो. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. मागे बायको, आई, एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर प्रत्येकी चौथा हिस्सा. तुमच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुम्ही पूर्ण मालक असता, आणि पुढे दुसरं लग्न केलं तरी हा हक्क जात नाही. वडिलोपार्जित जमिनीत आधी नवऱ्याचा हिस्सा ठरतो, मग त्याचे असे भाग पडतात. जमीन सासऱ्यांची स्वकष्टाची असेल आणि ते हयात असतील, तर आज तुमचं नाव लागणार नाही. पण त्यांच्या माघारी, मृत्युपत्र नसल्यास, मयत मुलाची विधवा म्हणून तुम्ही वारस असता.

नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करायचा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही करता येतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण भावकीला वेळ मिळतो. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, पत्ते आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड आणि आधार जोडा. इथे बरेच जण अडकतात ते दाखल्यापाशी. रुग्ण तासगाव किंवा वाळव्याचा असला तरी मृत्यू मिरजेच्या दवाखान्यात झाला असेल, तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही, तो सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडून घ्यावा लागतो. यादीत लग्न झालेल्या नणंदांचं नाव घालायचं की नाही, हा प्रश्नही नेहमी येतो. त्या नवऱ्याच्या बहिणी, त्यामुळे त्याच्या वाट्यात त्यांचं नाव येत नाही. तुमची लग्न झालेली मुलगी मात्र आलीच पाहिजे.

वारसांची नावं ठरली की फेरफार धरला जातो आणि नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस असतात. कुणी हरकत घेतली तर तक्रारी प्रकरण चालतं, नाहीतर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. निर्णय विरोधात गेला तर प्रांतांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. एक ध्यानात ठेवा: सातबाऱ्यावर नाव लागणं ही महसुली नोंद आहे. मालकीचा खरा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो.

आता दुसरी बाजू. दीर-पुतणे दहा-बारा माणसं घेऊन रानात आले, उभा ऊस तोडायला लागले, तर पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकायला मिळू शकतं. ते अर्धंच खरं आहे. पाच किंवा जास्त माणसं जबरदस्तीने मिळकतीचा ताबा घ्यायला जमली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 खाली तो बेकायदेशीर जमाव ठरतो. त्यांनी बळ किंवा हिंसा वापरली की कलम 191 खाली दंगा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, प्राणघातक हत्यार असेल तर पाच वर्षांपर्यंत. फिर्यादीत कोण आलं, हातात काय होतं, किती सऱ्या तोडल्या, हे नावानिशी लिहून द्या. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

उलट तुमच्यावरच दंग्याचा गुन्हा दाखल झाला, तरी वारसा हक्काला धक्का लागत नाही. वारसा जातो तो खुनामुळे. ज्याने खून केला किंवा खुनाला साथ दिली, त्याला मयताच्या मिळकतीत वाटा मिळत नाही. बांधावर हाणामारी झाली म्हणून कुणाचा हिस्सा कापला जात नाही.

ताबा गेलाच, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, किंवा दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा लावा. फिर्याद दिली म्हणून ही मुदत थांबत नाही.