चमोलीची बुटकी आमरी आणि ‘१२४ वर्षं’

जुलै २०२० च्या शेवटी फ्रान्समधल्या एका ऑर्किडविषयक नियतकालिकात छोटासा शोधलेख आला. मग आपल्याकडे बातम्या झळकल्या : ‘दुर्मीळ ऑर्किड १२४ वर्षांनी पुन्हा सापडलं’. वनस्पती होती लिपॅरिस पिग्मिया, आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातली. उत्तराखंडच्या वनखात्यातल्या दोघांना ती त्याच वर्षी जूनमध्ये, चमोली जिल्ह्यातल्या सप्तकुंडाच्या वाटेवर, ३,८०० मीटर उंचीवर दिसली. त्याआधीच्या तिच्या भारतातल्या नोंदी दोन, १८९२ सालची सिक्कीमची आणि १८९६ सालची बंगालची. १२४ हा आकडा आला तो या दुसऱ्या नोंदीपासून मोजून.

आकडा बरोबर आहे. घोळ ‘पुन्हा’ या शब्दात आहे, आणि तो समजायला दार्जिलिंगपर्यंत मागं जावं लागतं.

आमऱ्यांशी हिमालयातल्या माणसाचा संबंध तसा जुनाच. आयुर्वेदातल्या अष्टवर्गापैकी, म्हणजे आठ औषधी वनस्पतींच्या गटापैकी, ऋद्धी, वृद्धी, जीवक आणि ऋषभक या चौघी आमऱ्याच मानल्या जातात, आणि त्यातले जीवक-ऋषभक तर लिपॅरिसचे जवळचे भाऊबंद. पण वैद्याला कंदाशी काम. कुठली जात कुठल्या खोऱ्यात उगवते हे लिहून ठेवायची त्याला गरज नव्हती. ते लिहिणं सुरू झालं कोयनेलच्या निमित्तानं. हिवतापावरच्या या औषधासाठी सरकारनं दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाचे, म्हणजे ज्याच्या सालीपासून कोयनेल निघतं त्या झाडाचे, मळे लावले. मंगपूच्या मळ्यावरचा एक अधिकारी फावल्या वेळात ऑर्किडची चित्रं काढू लागला आणि कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानाच्या अधीक्षकांनी त्याला साथ दिली. चित्रं रंगवायला त्यानं तिथल्या लेपचा जमातीच्या मुलांना शिकवून तयार केलं. या खटाटोपातून १८९८ मध्ये सिक्कीम-हिमालयातल्या ऑर्किडवरचा चारशेहून अधिक चित्रांचा ग्रंथ निघाला. आपल्या बुटक्या आमरीला नाव देणारे हेच दोघे. ‘पिग्मिया’ म्हणजे बुटकी, आणि नाव अगदी सार्थ आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळचे वनस्पतितज्ज्ञ ‘सिक्कीम-हिमालय’ म्हणत त्यात दार्जिलिंगचे डोंगरही येत. बातम्यांमध्ये सिक्कीम आणि पश्चिम बंगाल ही दोन वेगळी राज्यं म्हणून आली आणि वनस्पती दूरवर पसरलेली असल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात दोन्ही नोंदी एकाच मुलखातल्या, चार वर्षांच्या अंतरानं झालेल्या. (१८९६ मध्ये ‘पश्चिम बंगाल’ नावाचं राज्यच नव्हतं, ते सोडा.)

त्या मुलखापासून चमोली सरळ रेषेत मोजलं तरी साडेआठशे किलोमीटरच्या घरात, मध्ये अख्खा नेपाळ. पश्चिम हिमालयाची ऑर्किडयादी वेगळी झाली. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाच्या माजी अधीक्षकांनी केलेली ती यादी १९०६ मध्ये कलकत्त्याच्या उद्यानाच्या ग्रंथमालेत, म्हणजे १८९८ चा ग्रंथ निघाला त्याच मालेत, छापली गेली. त्यात लिपॅरिस पिग्मिया नाही, आणि नंतरच्या शंभर वर्षांतही तिकडून तिची नोंद झाली नाही.

म्हणजे चमोलीत जी वनस्पती कधी कुणाला सापडलीच नव्हती, ती तिथं ‘पुन्हा’ कशी सापडेल? वनस्पतिशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथं होती तिथं, किंवा त्याच परिसरात, मोठ्या खंडानंतर दिसली तर तो पुनर्शोध. जिथं असल्याचं माहीत नव्हतं तिथं दिसली तर ती नवी नोंद, आढळक्षेत्राचा विस्तार. २०२० च्या त्याच पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या गवताळ रानात युलोफिया ऑब्ट्युसा ही जमिनीवर वाढणारी आमरी दिसली. तिची भारतातली आधीची नोंद १९०२ ची, पिलिभीतची. पिलिभीत आणि दुधवा दोन्ही तराईतले, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातले, एकमेकांच्या शेजारचे. तिथं ‘११८ वर्षांनी पुन्हा’ म्हणणं चपखल बसतं. चमोलीच्या बाबतीत मात्र भारतापुरता पुनर्शोध आणि पश्चिम हिमालयापुरती पहिलीच नोंद असा जोडप्रकार आहे. बातम्यांनी यातला पहिला भाग मथळ्यात घेतला आणि दुसरा शेवटच्या परिच्छेदात ढकलला. माझ्या मते उलट हवं होतं. १२४ वर्षं ही पूर्वेकडच्या डोंगरांची थकबाकी, ती चमोलीच्या खात्यावर कशाला मांडायची?

या ‘पुन्हा’नं आणखी एक गैरसमज होतो, की वनस्पती मध्यंतरी नाहीशी झाली होती. तसं काही कुणी दाखवलेलं नाही. आढळक्षेत्राचा नकाशा म्हणजे बऱ्याच अंशी संग्राहकांच्या पायवाटांचा नकाशा असतो. एवढीशी हिरवट वनस्पती बुग्यालातल्या, म्हणजे उंचावरच्या कुरणातल्या, गवतात दिसायची तर माणूस गुडघ्यावर यायला हवा, आणि तोही नेमक्या आठवड्यांत. वर्षातले कितीतरी महिने ही जागा बर्फाखाली, आणि बर्फ वितळून फूल येतं तोवर पावसानं वाटा निसरड्या झालेल्या. कासच्या सड्यावर गेलेल्यांना हे सांगायला नको. तिथंही जमिनीवरच्या आमऱ्या पावसाळ्यात डोकं वर काढतात आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपात मातीत काढतात. मे महिन्यात जाऊन ‘इथं काही नाही’ असं कुणीही शपथेवर सांगेल.

सापडली तरी ओळख पटवणं सोपं नाही. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवला की फुलाचा रंग उडतो, आणि लिपॅरिसमध्ये ज्यावर सगळी भिस्त, ती ओठासारखी खालची पाकळी कागदाला चिकटून तिचा आकार जातो. म्हणून जाणते लोक एखादं फूल स्पिरिटच्या बाटलीत वेगळं ठेवतात. हे नसेल तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं चित्र आणि वाळलेला नमुना शेजारी ठेवून डोळे ताणत बसायचं. लेपचा मुलांनी रंगवलेल्या चित्रांची किंमत अशा वेळी कळते.

मग ती साडेआठशे किलोमीटर उडत आली का? ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, वाऱ्यावर लांब जाऊ शकतं. पण त्या बियांत शिदोरी नसते. जमिनीत योग्य बुरशी भेटली, तिनं अन्न पुरवलं, तरच अंकुर धरतो. नुसत्या वाऱ्याच्या जोरावर कुणी वस्ती करत नाही. सप्तकुंडाजवळची झाडं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच असतील आणि दोन ठिकाणांच्या मधल्या उंच कुरणांतही तिचे ठिपके असतील, हा अंदाज मला जास्त पटतो. पण अंदाज तो अंदाजच.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, चमोली जिल्ह्यातच मंडलच्या जंगलात, बांज (ओक) आणि बुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) सावलीत, सेफालँथेरा इरेक्टाचा एक प्रकार भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. उंची १,८७० मीटर. म्हणजे इथं बर्फाळ बुग्यालाची सबब चालत नाही. मंडल गोपेश्वर-चोपता रस्त्यावर आहे आणि अनसूया देवीला जाणारे भाविक तिथूनच पायी चढायला लागतात.