गंज काढायचा की बदलायचा? जुना गार्डन ट्रॅक्टर रंगवण्याआधी

जुना गार्डन ट्रॅक्टर रंगवायला काढला की बॉनेट, मडगार्ड, चाकांच्या रिम आणि खालचा गवत कापायचा डेक, सगळीकडे गंज दिसतो. त्यावर दोन प्रकारची द्रावणं मिळतात: रस्ट रिमूव्हर आणि रस्ट कन्व्हर्टर. फॉस्फोरिक आम्ल दोन्हींत असू शकतं, म्हणून ती एकच वाटतात. मग एकाच्या जागी दुसरं लावलं जातं, आणि वर्षभरात रंगाचे पोपडे निघाले की दोष रंगाला दिला जातो.

रिमूव्हर गंज विरघळवून टाकतो. सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण यासाठी चालतं. भाग बुडवायचा, घासायचा, स्वच्छ धुवायचा. मागे नुसतं पोलाद उरतं. पण असं उघडं पोलाद ओलं राहिलं तर काही मिनिटांत त्यावर पुन्हा पिवळसर झाक येते. म्हणून धुतल्याबरोबर पुसून, गरम हवेनं सुकवून, शक्यतो त्याच दिवशी प्रायमर मारावा.

कन्व्हर्टर गंज जागेवरच ठेवतो आणि त्याचं रूप पालटतो. त्यातलं टॅनिक आम्ल गंजातल्या लोहाशी जुळून निळसर काळं आयर्न टॅनेट तयार करतं. फॉस्फोरिक आम्ल असेल तर आयर्न फॉस्फेट बनतं. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये पॉलिमरही असतो, तो वरून पातळ थर धरतो. हा थर कायम तुमच्या रंगाखाली राहणार, म्हणून रंगाची पकड त्याच्यावरच अवलंबून असते. चकचकीत पत्र्यावर तो लावून फायदा नाही, कारण तिथे बदलायला गंजच नसतो. जाड पापुद्र्यांवर लावला तर वरचा भाग काळा होतो आणि आतला गंज तसाच राहतो. आधी वायर ब्रशनं सुटा गंज झाडायचा, तेल-ग्रीस पुसून काढायचं, मगच कन्व्हर्टर लावायचा.

कुठे काय, हे भागाच्या घडणीवरून ठरवावं. सुटे होणारे ब्रॅकेट, पिना, नट-बोल्ट बादलीत बुडतात, त्यांना रिमूव्हरच द्यावा. आट्यांत कन्व्हर्टर गेला तर थर साचून नट अडतो. बॉनेटच्या दुमडलेल्या कडा आणि वेल्डिंगच्या चिरा मात्र त्रासदायक. तिथे गेलेलं रिमूव्हरचं आम्ल पाण्यानं पूर्ण निघत नाही आणि नंतर रंगाखालून झिरपतं. तिथे ब्रशनं कन्व्हर्टरच लावावा. डेकच्या खालच्या बाजूला गंजानं खड्डे पडलेले असतात; ब्रश तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथेही मी कन्व्हर्टरच निवडेन. पत्रा सुईनं टोचल्यावर भोक पडत असेल तर दोन्ही द्रावणं बाजूला ठेवून वेल्डिंगच करावं.

कार्ब्युरेटरसारखे ॲल्युमिनियमचे भाग या सगळ्यापासून दूर ठेवावेत; आम्ल त्यांना खातं. हातमोजे आणि चष्मा घालावा, हवा खेळती असावी, आणि ब्लीच जवळपासही नको, कारण आम्लाशी मिसळल्यावर त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रायमर घेण्यापूर्वी एक तपासावं. काही एपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायच्या) प्रायमरांचे उत्पादक आम्लयुक्त कन्व्हर्टरवर तो मारू नका असं स्पष्ट लिहितात, म्हणून डब्यावरची सूचना वाचून जोडी जुळवावी. ती जुळत नसेल तर मोकळ्या पत्र्यावर रिमूव्हर आणि एपॉक्सी, आणि कन्व्हर्टर लावलेल्या कडांवर त्याला मानवणारा अल्किड (ऑइल पेंटच्या जातीचा) प्रायमर, अशी वाटणी चालते.