टर्बाइनचं मॉडेल जेट: नोंदणी, पायलट प्रमाणपत्र, आयात आणि अर्ज अडतात ती ठिकाणं

केरोसीनवर चालणारं बोटभर-वीतभर जेट इंजिन बसवलेलं रिमोटचं विमान कायद्याच्या लेखी ड्रोनच आहे. त्याला चार पंखे नसले आणि कॅमेरा नसला तरी. ऑगस्ट 2021 मध्ये आलेले ड्रोन नियम त्यालाही लागू होतात. बहुतेकांची गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. नियमांत 'मॉडेल' असा वेगळा प्रकार आहे, तो वाचून लोक खूश होतात आणि पुढची पानं उलटतच नाहीत.

मॉडेल कशाला म्हणायचं याच्या अटी स्पष्ट आहेत. एकूण वजन 25 किलोपर्यंत. वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी. उड्डाण नजरेच्या टप्प्यात. या सगळ्या अटी एकदम पाळल्या तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाचा नमुना तपासून दिलेला सरकारी दाखला, लागत नाही. ही सवलत मोठीच आहे, कारण घरी बांधलेल्या एकुलत्या एका विमानासाठी टाइप सर्टिफिकेट काढणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. पण सवलत तेवढीच. नोंदणी, पायलट प्रमाणपत्र, विमा आणि हवाई नकाशा (कुठे किती उंच उडवता येतं हे दाखवणारा सरकारी नकाशा) हे सगळं शिल्लक राहतं.

आधी वजनाचं बघा. इथे एकूण वजन म्हणजे इंधनासकट वजन. मॉडेलवाल्यांना कोरडं वजन सांगायची सवय असते आणि अर्जातही तेच लिहिलं जातं. केरोसीनचं वजन लिटरला साधारण 0.8 किलो. तुमचं जेट रिकामं 22 किलोंचं असेल आणि टाकीत 4 लिटर मावत असेल, तर उड्डाणाच्या वेळी ते 25.2 किलो भरतं. मग ते मॉडेलच्या व्याख्येतून बाहेर पडून वजनाच्या 'मध्यम' वर्गात जातं आणि टाइप सर्टिफिकेटचा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. शोसाठी मागे धूर सोडायच्या तेलाची टाकी असेल तर तीही धरा. विमान टाकी भरून, बॅटऱ्या लावून काट्यावर ठेवा, काट्यासकट फोटो काढून ठेवा आणि तोच आकडा लिहा.

करमणुकीच्या अटीवरही लोक घसरतात. कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा उद्घाटनाला मानधन घेऊन शो केला, की ती करमणूक प्रेक्षकांची झाली, तुमची राहिली नाही. अशा कामाला मॉडेलची सवलत गृहीत धरू नका.

नोंदणी म्हणजे यूआयएन, विमानाचा ओळख क्रमांक. फॉर्म डी-2, शुल्क 100 रुपये, अर्ज ऑनलाइन. इतपत सोपं आहे. अवघड भाग म्हणजे अनुक्रमांक. यूआयएन जोडला जातो तो निर्मात्याने दिलेल्या अनुक्रमांकाशी, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलच्या क्रमांकाशी आणि रिमोटच्या क्रमांकाशी. आता बाल्साच्या लाकडातून घरी कापलेल्या विमानाला निर्माता कोण? तुम्हीच. आणि बहुतेक जेटमध्ये ड्रोनसारखा फ्लाइट कंट्रोलर नसतोच, रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर आणि विमान स्थिर ठेवणारा जायरो असतो. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर डबाबंद ड्रोन होता, हे दर रकान्यात दिसतं. यावर तक्रार करण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्वतःचा अनुक्रमांक ठरवून धातूच्या पट्टीवर कोरा आणि विमानाच्या अंगावर पक्का बसवा. कंट्रोल मॉड्यूलच्या जागी जायरो किंवा जायरो असलेल्या रिसीव्हरवरचा क्रमांक द्या. बांधणीचे फोटो आणि सुट्या भागांची बिलं एका फायलीत ठेवा. विचारणा झालीच तर हीच फाइल कामी येते. पुढे रिसीव्हर किंवा रिमोट बदलला तर नोंदीतही बदल करावा लागतो, हे जवळजवळ सगळेच विसरतात.

पासपोर्टबद्दल अजून जुनी भीती आहे. तो नाही म्हणून कित्येकांनी अर्जच केला नव्हता. सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर पायलट प्रमाणपत्रासाठी आणि ऑगस्ट 2024 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीसाठीही पासपोर्टची सक्ती उरलेली नाही. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो. मात्र नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच हवं. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतात.

आता पायलट प्रमाणपत्र. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून सावकाश वाचा. प्रमाणपत्रातून सूट आहे ती 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला, आणि 2 किलोपर्यंतच्या विमानाला, तेही व्यावसायिक वापर नसेल तरच. त्या सूटवाल्या यादीत 'मॉडेल' हा शब्द नाही. इंजिन, पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), बॅटरी आणि भरलेली टाकी धरली तर टर्बाइनचं विमान 2 किलोंत सहसा बसत नाही. म्हणजे प्रमाणपत्र लागणारच.

त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण. शुल्क 100 रुपये, मुदत 10 वर्षं. प्रशिक्षणाची फी वेगळी, आणि खिशाला चाट बसते ती तीच. पैसे भरण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: प्रमाणपत्र कोणत्या प्रकारचं आणि कोणत्या वर्गाचं मिळणार? प्रमाणपत्रावर प्रकार आणि वजनाचा वर्ग लिहिलेला असतो. बहुतेक संस्था शिकवतात ते मल्टिकॉप्टर, म्हणजे रोटरक्राफ्ट. तुम्हाला हवं 'एरोप्लेन', आणि 2 ते 25 किलोंचा 'स्मॉल' वर्ग. फवारणीचा ड्रोन शिकून मिळालेलं प्रमाणपत्र हातात घेऊन जेट उडवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना पैसे परत मिळाले नाहीत.

वयाच्या अटीचं वाईट वाटतं. हा छंद परवडतो तो बऱ्याचदा निवृत्तीनंतर, आणि तेव्हा पासष्टी ओलांडलेली असते. चाळीस वर्षं विमानं उडवलेल्या माणसाला नियम एका ओळीत बाद करतो. पण म्हणून मुलाच्या नावावर प्रमाणपत्र काढून रिमोट स्वतः हातात धरू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारेल की रिमोट कुणाच्या हातात होता.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांसाठी वेगळी वाट आहे. सरकारमान्य शिक्षण संस्थेला संशोधनासाठी टाइप सर्टिफिकेट, यूआयएन आणि पायलट प्रमाणपत्र या तिन्हींतून सूट आहे, पण उड्डाण हवाई नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच हवं. ही सूट संस्थेची आहे, विद्यार्थ्याची नाही. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या. दिवाळीच्या सुट्टीत तेच विमान गावच्या माळावर नेलंत तर सूट कॉलेजच्या फाटकापाशीच राहते.

आयातीत तर गंमतच आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे, तयार असो, अर्धवट जुळवलेला असो की पूर्ण सुटा. अपवाद संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेचा, तोही परवानगी घेऊन. सुट्या भागांना मात्र मुभा आहे. त्यामुळे नुसतं इंजिन, पंप आणि ईसीयू मागवणं एक, आणि पंख, सांगाडा, चाकं, इंजिन अशी संपूर्ण पेटी मागवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला कस्टम्सचा अधिकारी 'सुटा ड्रोन' म्हणू शकतो, आणि मग तुम्ही वाद घालत बसता. इंजिन टर्बोजेटच्या शीर्षकाखाली, म्हणजे 8411 मध्ये येतं. बिलावर मॉडेलचं नाव, थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) आणि अनुक्रमांक स्पष्ट लिहून घ्या. परदेशी विक्रेता मदत म्हणून 'टॉय' लिहून देतो. त्याला हात जोडून नको म्हणा. खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क लागतो, आणि पेटी त्याच कारणाने अडकते. शिवाय खोटी नोंद ती खोटीच. काही विक्रेते अंतिम वापराचं हमीपत्र मागतात, कारण असलं इंजिन इतर कामांनाही चालतं. त्यात राग मानण्यासारखं काही नाही, खरं ते लिहून द्या.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, जपून ठेवा. ठरावीक तास चाललं की इंजिन सर्व्हिसिंगला पाठवावं लागतं, काही जर्मन इंजिनांचा हा टप्पा 25 तासांचा आहे. दुरुस्तीसाठी पाठवतानाच तशी नोंद केली आणि अनुक्रमांक जुळला, तर परत येताना शुल्क दुरुस्ती, वाहतूक आणि विम्याच्या खर्चावरच लागतं. कागद नसेल तर इंजिनाची पूर्ण किंमत धरली जाते.

इंधनासाठी रेशनचं निळं रॉकेल वापरू नका. ते स्वयंपाक आणि दिवाबत्तीसाठीच आहे, दुसरा वापर गुन्हा ठरतो. खुल्या बाजारातलं पांढरं केरोसीन घ्या आणि पावती ठेवा.

उड्डाणाआधी हवाई नकाशा बघा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट. जेट एका वळणात 200 फूट सहज ओलांडतं, त्यामुळे असा पट्टा टाळलेलाच बरा. नकाशा हिरवा दिसला तरी त्या तारखेला पोलिसांचा मनाई आदेश आहे का, हे वेगळं विचारा. मुंबई पोलीस ड्रोन आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर असे आदेश वरचेवर काढतात. सण, निवडणूक किंवा मोठ्या पाहुण्याचा दौरा असला की इतर शहरांतही तेच. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत आहे. पोलीस ठाण्यात जाताना यूआयएन, प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी आणि जागामालकाचं संमतीपत्र यांच्या छापील प्रती न्या. मोबाइलमधली पीडीएफ दाखवून कुणाचं समाधान होत नाही.