मधुमेही वृक्कविकार

दीर्घकाळच्या मधुमेहामुळे वृक्कातील (मूत्रपिंडातील) सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणारी इजा व तीतून येणारी वृक्काची कार्यहानी. बोलण्यात याला ‘शुगरमुळे किडनीवर परिणाम’ म्हणतात. प्रस्तुत नोंद दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहापुरती आहे.

इतिहास : चरकसंहितेत वृक्कांना मेदोवह स्रोतसांचे (चरबी वाहणाऱ्या मार्गांचे) मूळ म्हटले आहे, तर मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती (मूत्राशय) व वंक्षण (जांघ) मानले आहे. प्रमेहात (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या वर्गात) मेद हे प्रमुख दूष्य (बिघडणारा घटक) असल्याने या वचनात आजच्या विकाराची चाहूल काहींना दिसते. पण मूत्र वृक्कात तयार होते ही कल्पनाच तेथे नसल्याने हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटतो. मूळ संहितेचा काळही वादग्रस्त आहे. सध्याचा पाठ दृढबल या नंतरच्या संपादकाच्या पुरवणीसह बराच नंतर सिद्ध झाला.

आधुनिक वर्णनाचे श्रेय सामान्यतः किमेलस्टील व विल्सन यांना दिले जाते. 1936 मध्ये त्यांनी शवविच्छेदनात आढळलेल्या केशिकागुच्छांतील (वृक्कात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुपक्यांतील) गाठींसारख्या विकृतीचे वर्णन केले. मात्र मधुमेहाशी तिचा संबंध त्यांनी ठामपणे मांडला नव्हता. तो पुढे 1941 मध्ये ॲलन यांच्या कामातून स्पष्ट झाला, असे मत अधिक ग्राह्य दिसते. योगायोग असा की मधुमेहाचे इन्शुलीनला दाद देणारा व न देणारा असे दोन प्रकार हिम्सवर्थ यांनी मांडले, तेही 1936 मध्येच. त्यामुळे त्या जुन्या रुग्णांना आजच्या वर्गीकरणात बसवताना जपून राहावे लागते.

विकृती : प्रत्येक वृक्कात सरासरी सुमारे 10 लाख वृक्काणू (रक्त गाळून मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात. ते गर्भावस्थेतच तयार होतात, नंतर वाढत नाहीत. केशिकागुच्छाकडे रक्त आणणारी रोहिणिका (सूक्ष्म धमनी) मधुमेहात सैलावते, तर बाहेर नेणारी आकसलेली राहते. आतला दाब चढून गाळण आधी वाढते आणि पुढे घटते. पायाभूत पटल (केशिकांभोवतीचा पातळ थर) जाड होते व मूत्रात अल्ब्युमीन हे रक्तातील प्रथिन झिरपू लागते. मूत्रातील एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे (स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्यामागे) 30 ते 300 मिग्रॅ. अल्ब्युमीन ही सुरुवातीची पातळी होय. डेन्मार्कमधील डेकर्ट व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मांडले, की ही गळती केवळ वृक्काची नसून सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराची इजा दर्शवते. हृदयविकाराशी तिचे नाते त्यामुळे उलगडते.

दुसऱ्या प्रकारात निदान मात्र सरळ नसते. उच्च रक्तदाब, वय व धमनीकाठिण्य यांनीही वृक्क खराब होतात. काही रुग्णांत अल्ब्युमीन न जाताच कार्य घटते, तर काहींत, मधुमेहात सहसा सोबतच बिघडणारा, डोळ्याचा पडदा निर्दोष असतो. ऊतकपरीक्षा (वृक्काचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे) क्वचितच होत असल्याने ‘मधुमेही’ हे विशेषण पुष्कळदा अनुमानावरच टिकून असते.

पुण्यातील संशोधन : के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा पाठपुरावा केला. तेथील नवजातांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किग्रॅ. होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किग्रॅ.; तरी पुण्याच्या बाळांत स्नायू कमी व चरबी त्या मानाने टिकून होती. कमी जन्मवजन म्हणजे कमी वृक्काणू, हे ब्रेनर यांचे 1988 मधील गृहीतक. ते येथे लावून पाहण्याचा मोह होतो, पण ही सांगड अजून तर्काच्याच पातळीवर आहे. व्यवहारातला मुद्दा साधा आहे : ज्यांच्या अंगात स्नायू कमी, त्यांचे क्रिएटिनीन वृक्क बिघडूनही सामान्य दिसू शकते.

उपचार : साखर व रक्तदाब यांचे नियंत्रण मुख्य. लोसार्टानसारखी औषधे बाहेर नेणारी रोहिणिका सैलावतात, तर ग्लिफ्लोझिन गटातील औषधे (वृक्करक्षणाचा ठळक पुरावा 2019 मध्ये मिळाला) आत आणणारी आकसवतात. दोन्हींनी केशिकागुच्छातील दाब उतरतो व गाळण थोडी घटते, म्हणून दोन्हींच्या सुरुवातीला रक्तातील क्रिएटिनीन किंचित चढू शकते. अखेरच्या अवस्थेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावे लागते. मेंदू-मृत दात्यांच्या अवयवांचे पुणे परिसरातील वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते.